ऑपरेशनची खर्डीकडची बाजू

आमच्याकडच्या बायका दुर्बिणीला घाबरत नाहीत. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे ती त्यांच्या ओळखीची झाली आहे. ‘माझं दुर्बिणीचं झालंय’ असं एखादी सांगते तेव्हा बेंबीखालचा बोटाच्या पेराएवढा व्रण आणि चार दिवसांत पुन्हा चुलीपुढे बसणं, हे सगळं त्यात येतं. त्यामुळे कॅन्सरचं निदान सांगितल्यावर पहिला धक्का ओसरला, की खर्डी-शहापूरकडची बाई जो प्रश्न विचारते तो बहुतेकदा हाच असतो : “म्याडम, दुर्बिणीनं व्हईल का?”

हा प्रश्न मला कधीच भाबडा वाटला नाही. त्यामागे आवणी असते, भातकापणी असते, गोठ्यातली म्हैस असते, शाळेत जाणारं पोर असतं. या तालुक्यात तानसा आहे, वैतरणा आहे, भातसा आहे. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं आणि तेव्हापासून इथलं पाणी मुंबईच्या नळांना जातं. तरीही मे महिन्यात इथल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बाईला मी ‘तीन महिने वजन उचलू नका’ असं सांगते, तेव्हा ते तीन महिने हंडा कोण आणणार, हेही मला विचारावं लागतं. बहुतेक वेळा उत्तर येतं, की थोरली मुलगी शाळा सोडून घरी राहील. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचं महत्त्व मी इथून मोजते. चार दिवस आधी घरी सोडणं ही रुग्णालयाच्या दृष्टीने बचत असेल, पण इथे त्यावर एका मुलीची शाळा अवलंबून असते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शिक्षण मुंबईत झालं, त्यातला काही काळ स्त्रियांच्या कॅन्सरच्या विभागात गेला आणि नंतर खर्डीत दवाखाना सुरू केला. आठवड्यातून एकदा किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने मुरबाडला जाते. बाळंतपणं, अंगावरून जाणं, पाळीच्या तक्रारी, रक्त कमी असणं, हे रोजचं काम. गर्भाशयमुखाचा कॅन्सर अधूनमधून समोर येतो. पण योनीमुखाचा कॅन्सर, कोवळ्या वयातल्या मुलीच्या अंडाशयाची गाठ, गर्भाशयाच्या स्नायूतला सार्कोमा, हे आजार माझ्यासारखीच्या दारात वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी येतात. दुर्मीळ असल्यामुळेच ते ओळखायचे राहतात. अशा काही जणींबरोबर मी मुंबईपर्यंत गेले, काहींच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आत उभी राहिले, आणि नंतर त्यांच्या जखमा इथे धुतल्या. त्यातून जे कळलं ते सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एका पाड्यावरची आजी जांघ धरून आली. म्हणाली, “अवधाण आलंय. पायात काटा मोडला व्हता.” काटा निघून बरेच दिवस झाले होते. तरीही जांघेतली गाठ हाताला लागत होती, थोडी घट्ट, पण हलत होती. मी म्हटलं, “आजी, टेबलावर झोपा, खालून तपासते.” तिने पदर आवळून घेतला. “काटा पायात मोडला, तू खाली काय बघतीस, बाय?”

जांघेतल्या गाठींकडे फक्त पायातून नव्हे, तर योनीमुखाकडूनही रस जातो. हे तिला समजेल अशा शब्दांत सांगायला वेळ लागला. बाहेर गर्दी होती. आमच्या मावशींनी दार लावलं, पडदा ओढला, आजीच्या डोक्याशी उभ्या राहून तिच्याशी नातवंडांच्या गप्पा सुरू केल्या. मग ती झोपली. योनीमुखाची कातडी पांढरी, पातळ, कागदासारखी झाली होती आणि एका बाजूला सुमारे अडीच सेंटिमीटरची खरबरीत गाठ होती, वर चिघळलेली.

खाज किती दिवसांची, असं विचारलं तर म्हणाली, धाकटीचं लग्न झालं तेव्हापासूनची. म्हणजे वर्षं झाली होती. औषधाच्या दुकानातून ट्यूबा आणून लावल्या होत्या. पांढरे डाग तिने स्वतः पाहिले होते आणि ते कोड आहे असं समजून सुनेपासूनही लपवले होते, कारण घरात कोड आहे असं कळलं तर नातीच्या सोयरिकीला अडचण येईल. या एका भीतीपोटी तिने इतकी वर्षं खाज सोसली. त्या पांढऱ्या कातडीच्या आजाराला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. तो कोड नाही आणि तो कोणाला लागत नाही. वेळेत योग्य ताकदीचं स्टेरॉइड मलम नियमाने लावलं तर तो आटोक्यात राहतो आणि पुढे कॅन्सर होण्याची शक्यताही घटते. योनीमुखाच्या कॅन्सरची दुसरी वाट एचपीव्ही विषाणूची, ती तुलनेने तरुण बायकांत जास्त. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये या कॅन्सरचं प्रमाण शंभरात चार-पाचच. पण तो शरीराच्या बाहेरच्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना दिसेल अशा जागी होतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त कोणीतरी पाहावं लागतं. खेड्यातल्या खाजेच्या तक्रारीला चिठ्ठीवर मलम लिहून वाटेला लावणं थांबलं पाहिजे, असं मी प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगते. बाईला टेबलावर घ्या, दिवा जवळ आणा, पाहा.

जागा बधिर करून तुकडा काढला, तपासणीला पाठवला. अहवाल कॅन्सरचा आला.

खर्डीहून परळ जवळपास शंभर किलोमीटर लांब आहे. कसाऱ्याहून येणारी लोकल धरायची, दादरला उतरून बदलायची. लोकलमध्ये दिव्यांगांसाठीचा जो डबा असतो त्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, हे आमच्याकडे बहुतेकांना ठाऊक नसतं. गर्दीत दोन-सव्वादोन तास उभं राहण्याच्या धास्तीने उपचार अर्धवट सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून ही गोष्ट मी आता चिठ्ठीवरच लिहिते. त्याखाली दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव लिहिते आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीचंही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा, नाव दोन्हींवर सारखं आहे का ते इथेच पाहून घ्या, हेही लिहिते. ही चिठ्ठी मला औषधाच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची वाटते.

आजीच्या बाबतीत प्रश्न जांघेचा होता. योनीमुखावरची गाठ भोवतालच्या निरोगी कातडीसकट काढणं त्या मानाने सोपं. पण हा कॅन्सर पसरतो तो आधी जांघेतल्या लसिकाग्रंथींत, म्हणून त्या काढाव्या लागतात. जुन्या पद्धतीत जांघेच्या घडीवर लांब छेद घ्यायचे. ती जागा सतत ओली, चालताना घासणारी. कातडीखालची चरबी निघाल्यावर वरच्या कातडीला रक्त कमी पडतं, कडा काळ्या पडतात, टाके उसवतात. शिकत असताना अशा जखमांचं ड्रेसिंग मी केलं आहे. आठवडेच्या आठवडे ती बाई पाय फाकवून पडलेली असायची आणि वासाने शेजारची खाट रिकामी व्हायची. कॅन्सर निघालेला असूनही ती बाई ‘मला कशाला वाचवलं’ असं म्हणायची.

आजार अगदी लवकर सापडला तर यातलं बरंचसं टळतं. गाठ चार सेंटिमीटरहून लहान, एकच, आणि जांघेत हाताला काही लागत नसेल, तर सगळ्या ग्रंथी न काढता पहिली पहारेकरी ग्रंथी तेवढी शोधून तपासता येते. नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, त्यात ४०३ स्त्रिया होत्या. फक्त ती ग्रंथी काढलेल्यांमध्ये जांघेची जखम उसवण्याचं प्रमाण ११.७ टक्के होतं, सगळ्या ग्रंथी काढलेल्यांमध्ये ३४ टक्के. पायाला कायमची सूज येण्याचं प्रमाण १.९ टक्के आणि २५.२ टक्के. हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्यांत मला पाय दिसतात. चिखलात उभे राहणारे, डोंगर चढणारे पाय.

आजीला ती वाट बंद होती, कारण जांघेत गाठ हाताला लागत होती आणि सुईने घेतलेल्या पेशींतून काही स्पष्ट झालं नव्हतं. ग्रंथी काढायच्याच होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी त्या दुर्बिणीने काढायचं ठरवलं. त्यांच्याबरोबर मी पूर्वी काम केलं होतं, त्यामुळे मला आत उभं राहता आलं.

पोटातली दुर्बिणीची शस्त्रक्रिया मी असंख्य वेळा पाहिली होती. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये जे. जे. रुग्णालयात पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये तिथेच दुर्बिणीने पित्ताशय काढलं. आमच्या पिढीला ते तंत्र शिकतानाच मिळालं. पण पोटात आधीच पोकळी असते, मांडीत ती नसते. इथे ती तयार करावी लागते. मांडीच्या वरच्या त्रिकोणाच्या टोकाखाली एक लहान छेद, दोन बाजूंना दोन. बोटाने कातडी आणि चरबीच्या मधला थर सोडवायचा, मग कार्बन डायऑक्साइड वायू सोडायचा. पडद्यावर हळूहळू एक बुटका, पिवळा बोगदा दिसायला लागतो. त्यात मोठी नीला आणि धमनी धडधडताना दिसते. चुकीला जागा नाही. ग्रंथींचा गठ्ठा चरबीसकट सोडवून तो आतच पिशवीत घालायचा आणि पिशवीतूनच बाहेर काढायचा, म्हणजे कॅन्सरची पेशी छेदाच्या कडेला लागणार नाही. घडीवरची कातडी मात्र जशीच्या तशी राहते. दोन्ही बाजूंना नळ्या ठेवून आजीला वॉर्डात नेलं तेव्हा मी तिच्या जांघेकडे पाहत राहिले. तिथे एकही टाका नव्हता.

ग्रंथींच्या तपासणीत कॅन्सर निघाला नाही. जांघेतली सूज साधी होती, म्हणजे बहुधा काट्याचीच. त्या काट्याने तिला माझ्यापर्यंत आणलं.

पण जखम न उसवणं म्हणजे सगळं निभावलं असं नव्हे. ग्रंथी काढल्या की पायातला रस परतण्याची वाट अरुंद होते, छेद मोठा असो वा लहान. पायाला सूज येण्याचा धोका उरतोच. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला आपण पूर्ण मोकळ्या झालो असं वाटतं, आणि तिथेच धोका असतो. आजी जूनमध्ये घरी आली. आवणी तोंडावर. चिखलात अनवाणी उभं राहणं, पायाला बारीक चीर पडणं आणि त्यातून जंतू शिरून मांडीपर्यंत लाल भडक सूज चढणं, हे सगळं मला दिसत होतं. मी तिला आवणीला जाऊ नका म्हटलं. ती ऐकणार नव्हती आणि तिने ऐकावं असा आग्रह धरायला मला जागाही नव्हती. शेवटी तिच्या मुलाने गमबूट आणले. रात्री उशीवर पाय ठेवायचे, दाबपट्टी बांधायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, पाय लाल झाला की त्याच दिवशी यायचं. एवढ्यावर आमची तडजोड झाली. पहिले काही दिवस आशाताई रोज तिच्या नळ्यांमधलं पाणी मोजून मला फोनवर कळवत होत्या. या शस्त्रक्रियेचा निम्मा भाग तिथे, त्या ओसरीवर पार पडला.

आता जिच्या बाबतीत छेद मोठा ठेवावा लागला, त्या एका मुलीबद्दल. मुरबाडकडच्या एका आश्रमशाळेतली, दहावी-अकरावीच्या वयाची. पोट वाढलं म्हणून तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली होती. तिच्या आईने तिला मारलंही होतं. तपासलं तर गरोदरपण नव्हतं. अंडाशयाची मोठी, घट्ट गाठ होती. पुढे ती डिसजर्मिनोमा ठरली, कोवळ्या वयात होणारा अंडाशयाचा दुर्मीळ कॅन्सर, पण औषधांना फार चांगला प्रतिसाद देणारा. मुलीची एकच विनवणी होती : पोटावर व्रण नको. लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, हे तिच्या वयाच्या मुलीला कोणी शिकवावं लागत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियागृहात दुर्बीणही होती, हातही होते. तरीही पोट उघडायचं ठरलं. एवढी गाठ लहान छेदातून काढायची तर ती आधी फोडावी लागते, आणि फुटली तर कॅन्सरच्या पेशी पोटभर सांडतात. आजाराची पायरीच वाढते. मी मुलीजवळ बसून कागदावर चित्र काढलं : ही गाठ, हे गर्भाशय, हे दुसरं अंडाशय. गाठ अखंड निघाली तर बाकीचं सगळं तुझंच राहील, पाळी येईल, मूल होऊ शकेल. व्रण कपड्याखाली राहील. तिने बराच वेळ त्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग मोठाच करा.” तिचा होकार तिच्या आईच्या अंगठ्यापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. गर्भाशय आणि दुसरं अंडाशय राखलं, नंतर तिला केमो दिली.

लहान छेद नेहमीच चांगला असतो असं आम्हा डॉक्टरांनाही वाटत होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याच अंशी खरंही ठरलं. अमेरिकेत २,६१६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दुर्बीण आणि उघडं पोट दोन्हींमध्ये पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण सारखंच, ८९.८ टक्के निघालं. मग २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले आणि सगळे थबकले. ३३ केंद्रं, ६३१ स्त्रिया. साडेचार वर्षांनी आजार परतला नाही अशा स्त्रिया पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबोच्या गटात ८६ टक्के. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने करण्याची पद्धत घडवून २००७ मध्ये २४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. त्यामुळे महाराष्ट्रातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांमध्ये या निकालावर कळकळीने चर्चा झाली. गर्भाशयमुखासाठी जगभर पुन्हा पोट उघडण्याकडे कल गेला. त्याआधी, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकांनी गर्भाशयाच्या गाठी पोटातच यंत्राने बारीक करून काढण्याविरुद्ध इशारा दिला होता. साधी फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा असू शकतो, आणि यंत्राने तो पोटभर पसरतो. शहरात फायब्रॉइडच्या ऑपरेशनला निघालेल्या बाईला मी आता हे विचारायला सांगते : गाठ कशी काढणार? पिशवीत घालून काढणार का?

यात मला सर्वात जास्त सतावणारी गोष्ट वेगळी आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर काही दुर्मीळ नाही. तरीही ६३१ स्त्रिया गोळा करायला जगभरच्या ३३ केंद्रांना जवळजवळ दहा वर्षं लागली. मग मांडीतल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पाच-दहा वर्षांनी आजार परततो का, हे ठरवायला तेवढ्या स्त्रिया कधी जमणार? आज हाताशी आहेत ते लहान लहान गट, एकेका रुग्णालयाचे. ते आशादायक आहेत, जखमेच्या बाबतीत तर नक्कीच. पण दुर्मीळ आजारात प्रत्येक बाईचं पुढे काय झालं हे कळणं अतोनात महत्त्वाचं असतं. आणि नेमक्या आमच्याकडच्या बायका हरवतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, थेट पावसाच्या तोंडावर परततात. शहरातल्या रुग्णालयाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ‘तपासणीला आली नाही’ एवढंच उरतं. ती बरी आहे की गेली, ते त्या कागदावरून कळत नाही.

हे होऊ नये यासाठी काय करता येतं, ते महाराष्ट्रातच दिसलं आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. माणसं रुग्णालयात येण्याची वाट न पाहता तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले. पुढे त्यांच्याच भरवशावर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास उभा राहिला. एचपीव्हीची एक तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. खेड्यातल्या बाईचा माग काढता येत नाही, असं मला कोणी म्हटलं की मी बार्शीचं नाव घेते.

आमच्याकडे त्या मानाने फारच साधी वही आहे. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईचं पान. त्यावर मुंबईच्या तारखा, तिच्या नवऱ्याचा नंबर, भावाचा नंबर, आणि भट्टीचं गाव, मुकादमाचा नंबर. मुकादमाला फोन करायला आशाताई आधी कचरत होत्या. आता त्या त्याला बजावून सांगतात, “हिला अमुक तारखेला सोडायचंय, हजेरी कापायची नाही.” कधी तो मानतो, कधी नाही. नाही मानला तर मी फोन करते. काही तपासण्या मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून इथेच करून घेते : जांघ चाचपणं, व्रण पाहणं, रक्त घेऊन पाठवणं. प्रत्येक वेळी लोकलने परळ गाठायची गरज नसते, आणि एवढं ठरवून दिलं तरी बायका टिकतात. ते मोठ्या रुग्णालयांनी लेखी ठरवून द्यावं, कोणत्या तपासण्या गावात चालतील आणि कशासाठी यावंच लागेल, अशी माझी मागणी आहे. मी ती भेटेल त्या कॅन्सर सर्जनपुढे मांडते.

मुलीचं पान आता तिच्या सासरच्या गावाच्या नावाने आहे. आजीच्या पानावर मागच्या तपासणीची नोंद आहे : जांघ मोकळी, डावा घोटा किंचित सुजलेला, पांढरी कातडी मलमाने आटोक्यात. त्या दिवशी ती एकटी आली नव्हती. बरोबर तिची नणंद होती, तोंडाला पदर लावलेली. “हिलाबी खाज हाय. मी सांगितलं, म्याडम बघंल, लाजायचं नाय.” नणंदेला टेबलावर घेतलं. पांढरी कातडी होती, गाठ नव्हती, जांघ मोकळी होती. तिला मलम लिहून दिलं, तीन महिन्यांनी यायची तारीख दिली आणि वहीत तिचं नवं पान काढलं.